देव कोणाच्या तोंडून सल्ला देईल, सांगता येत नाही

आजचे वाचन: निर्गम १८:१३-२७, २ राजे ५:१-१४, १ शमुवेल २५:१४-३५
मननासाठी: नीतिसूत्रे १२:१५



मननासाठी दिलेल्या वचनाचा आशय अगदी सरळ आहे. मूर्खाला आपलीच वाट बरोबर वाटते आणि शहाणा माणूस दुसऱ्याचा सल्ला ऐकतो. हे वचन वाचून आपण सगळेच मान डोलावतो. सल्ला ऐकायला आपली कुणाचीच ना नसते. पण कोणाचा सल्ला? इथं मात्र आपण थांबतो. पाळकसाहेबांनी सांगितलं तर ऐकू, डॉक्टरांनी सांगितलं तर ऐकू, मोठ्या भावाचं ऐकू. घरातल्या सुनेनं सांगितलं तर? भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी सांगितलं तर? आपल्या मंडळीतही नसलेल्या, आपल्यासारखी प्रार्थना न करणाऱ्या माणसानं सांगितलं तर?

पवित्र शास्त्र या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देत नाही, ते माणसं दाखवतं. आज आपण तीन ठिकाणी जाऊ या. तिन्ही ठिकाणी ऐकणारा माणूस मोठा आहे, देवाच्या योजनेत त्याचं नाव आहे. सल्ला देणारं माणूस मात्र असं आहे की ज्याला कोणी विचारायला गेलं नसतं.

१. मिद्यानी सासरा

इस्राएल लोक मिसरातून सुटून आले होते. तांबडा समुद्र मागे पडला होता, मान्ना मिळत होता, अमालेकाशी लढाई झाली होती. सीनाय डोंगरावर दहा आज्ञा मिळायच्या होत्या. निर्गमाच्या १७ व्या अध्यायात लढाई आहे आणि १९ व्या अध्यायात सीनाय. या दोन मोठ्या घटनांच्या मधोमध १८ व्या अध्यायात एक साधी घरगुती गोष्ट आहे. मोशेचे सासरे इथ्रो हे सिप्पोराला आणि दोन्ही नातवांना, गेर्षोम आणि अलियेजर यांना घेऊन जावयाला भेटायला आले.

इथ्रो हे मिद्यानाचे याजक, म्हणजे इस्राएली नव्हेत. जळत्या झुडपातून देव त्यांच्याशी बोलला नव्हता, समुद्र दुभंगलेला त्यांनी पाहिला नव्हता. ते सगळं ज्याच्या हातून घडलं तो मोशे त्यांचा जावई होता. आणि तरीही मोशे त्यांना सामोरा गेला, त्यानं त्यांना नमन केलं, मुका घेतला, तंबूत आणून बसवलं.

दुसऱ्या दिवशी मोशे न्यायनिवाडा करायला बसला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोक रांगेत उभे. कोणाचं बैलावरून भांडण, कोणाचं देण्याघेण्यावरून. इथ्रो दिवसभर बघत राहिले. मग त्यांनी जावयाला विचारलं की तू हे काय चालवलं आहेस, एकटाच का बसतोस? मोशेनं सांगितलं की लोक देवाचा सल्ला विचारायला माझ्याकडे येतात. तेव्हा सासऱ्यांनी स्पष्ट सांगितलं की हे काही ठीक नाही, यानं तूही थकशील आणि हे लोकही थकतील. मग उपाय सांगितला. देवाला भिणारे, खरेपणानं वागणारे, लाचेचा तिटकारा असणारे कर्तबगार लोक निवड. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेम. लहान कज्जे ते मिटवतील, अवघड तेवढे तुझ्याकडे येतील.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. हा उपाय देव स्वतः मोशेला सांगू शकला नसता का? मोशेशी देव रोज बोलत होता! पुढच्या काही अध्यायांत निवासमंडपाच्या पडद्यांना किती बिरडी लावायची इथपर्यंतच्या सूचना देवानं दिल्या आहेत. मग ही एवढी महत्त्वाची गोष्ट त्यानं सासऱ्यांसाठी का राखून ठेवली? मला वाटतं, यातच आपल्यासाठी धडा आहे. देवाशी समोरासमोर बोलणाऱ्या माणसालाही दुसऱ्या माणसाच्या सल्ल्याची गरज असते. आपण प्रार्थना करतो म्हणून आपल्याला कोणाचं ऐकायची गरज नाही, असं शास्त्र कुठेच शिकवत नाही.

इथ्रोंनी सल्ला कसा दिला तेही पाहण्यासारखं आहे. आल्या आल्या उपदेश सुरू केला नाही. आधी खुशाली विचारली. मग जावयाचं सगळं ऐकून घेतलं आणि देवानं केलेल्या उपकारांबद्दल आनंद केला. एक अख्खा दिवस नुसतं बघितलं. मग प्रश्न विचारला. मग सल्ला दिला आणि तोही देवाची आज्ञा असेल तर कर, अशा शब्दांत देवाच्या हाती सोडला. आणि शेवटी काय केलं? आपल्या देशाला निघून गेले. मी सांगितलं तसं चाललंय ना, हे बघायला मुक्काम ठोकला नाही. सासरेमंडळींनी आणि सासूबाईंनीही हा अध्याय वर्षातून एकदा वाचायला हरकत नाही!

आणि मोशेनं? सासऱ्यांनी सांगितलेलं सगळं केलं. लाखो लोकांचा पुढारी, पण आपल्याला हे सुचलं नाही याची त्याला लाज वाटली नाही.

२. धरून आणलेली लहान मुलगी

दुसरी गोष्ट २ राजे ५ मधली. नामान हा अरामाच्या राजाचा सेनापती. शूर, मानाचा, राजाच्या मर्जीतला. पण त्याला कोड होतं. त्याच्या घरात एक लहान मुलगी दासी होती. अरामी टोळ्यांनी इस्राएलात घुसून तिला पकडून आणलं होतं. ती नामानाच्या बायकोची सेवा करायची. तिचं नाव शास्त्रात नाही. तिचे आईवडील जिवंत होते की नाही तेही लिहिलेलं नाही.

त्या घरात तिच्यापेक्षा लहान कोणी नसेल. वयानं लहान, मुलगी, परदेशी आणि गुलाम. आणि तीच एक दिवस मालकिणीजवळ बोलून गेली की शोमरोनात जो संदेष्टा आहे त्याच्याकडे आमचे धनी गेले असते तर किती बरं झालं असतं, त्यांचं कोड गेलं असतं.

प्रियांनो, इथे क्षणभर थांबा. ज्या माणसाच्या सैन्यानं तिचं घर उद्ध्वस्त केलं, त्याच माणसाचं दुखणं बरं व्हावं असं तिला वाटतं. ती गप्प बसली असती तर कोणी तिला दोष दिला नसता. तिला यातून काही मिळणार नव्हतं. तिची सुटका झाली असंही पुढे कुठे लिहिलेलं नाही. ज्यात सांगणाऱ्याचा काडीचा फायदा नाही आणि ऐकणाऱ्याचं भलं आहे, असा सल्ला ऐकण्याच्या लायकीचा असतो.

नामानानं ऐकलं हे विशेष. पण अर्धंच ऐकलं. मुलीनं संदेष्ट्याकडे जायला सांगितलं होतं, हा गेला राजाकडे! बरोबर दहा किक्कार चांदी, सहा हजार शेकेल सोनं आणि दहा पोशाख. आजच्या मापानं तीनशे किलोहून जास्त चांदी आणि साठ किलोहून जास्त सोनं. शिवाय आपल्या राजाचं पत्र. इस्राएलाच्या राजानं ते पत्र वाचून कपडेच फाडले, त्याला वाटलं हा भांडण उकरून काढतोय. मोठ्या लोकांच्या बैठकीत त्या लहान मुलीच्या सल्ल्याचा असा गोंधळ झाला. शेवटी अलीशानंच निरोप पाठवला, तेव्हा स्वारी योग्य दारी पोहोचली.

दारात रथ, घोडे, लवाजमा. आणि अलीशा बाहेरसुद्धा आला नाही. त्यानं निरोप्या पाठवला की यार्देनेत सात वेळा बुडी मार. नामान भडकला. त्याला वाटलं होतं संदेष्टा बाहेर येईल, उभा राहील, देवाचं नाव घेईल, कोडावर हात फिरवेल. आणि हा म्हणतो नदीत बुड्या मार! नदीतच बुडायचं तर दिमिष्काच्या अबाना आणि परपर काय वाईट आहेत? रागारागानं तो परत निघाला.

तेव्हा दुसऱ्यांदा त्याला वाचवलं ते त्याच्या चाकरांनी. वडिलांना समजवावं तसं त्यांनी धन्याला समजावलं. संदेष्ट्यानं एखादी अवघड गोष्ट करायला सांगितली असती तर तुम्ही केली असती ना? मग आंघोळ करून शुद्ध व्हा एवढं साधं सांगितलंय तर करायला काय हरकत आहे?

किती शहाणपणाचं बोलणं! नामानाचा खरा आजार कातडीवर नव्हता, तो मानात होता, हे चाकरांना कळलं होतं. सेनापतीला मोठं काहीतरी करायचं होतं आणि देवानं त्याच्यासमोर लहान गोष्ट ठेवली होती. आपणही असेच नाही का? चाळीस दिवसांचा उपास करायला तयार असतो, पण शेजारच्या माणसाला जाऊन माफी माग म्हटलं की जमत नाही.

नामान यार्देनेत उतरला आणि सात वेळा बुडाला. त्याचं अंग लहान मुलाच्या अंगासारखं झालं. मूळ हिब्रूत इथे एक सुंदर जुळणी आहे. सुरुवातीला त्या दासीसाठी 'लहान मुलगी' असे शब्द आहेत आणि शेवटी नामानाच्या अंगासाठी 'लहान मुलगा' असे तेच शब्द पुल्लिंगात आहेत. जिचं ऐकलं, तिच्यासारखाच तो झाला. लहान होणं त्याला जड जात होतं, आणि लहान झाल्यावरच तो बरा झाला.

३. वाईट घरातली शहाणी बाई

तिसरी गोष्ट १ शमुवेल २५ मधली. दावीद तेव्हा राजा झालेला नव्हता. शौलापासून जीव वाचवत रानात फिरत होता. मावोन गावी नाबाल नावाचा धनाढ्य माणूस होता, कर्मेलात त्याची तीन हजार मेंढरं आणि एक हजार शेरडं होती. दाविदाच्या माणसांनी त्याच्या कळपांची राखण केली होती. लोकर कातरण्याच्या सणाच्या दिवसांत दाविदानं दहा तरुण पाठवून नम्रपणे काही खायला मागितलं. नाबालानं त्यांना अपमान करून हाकलून दिलं.

दाविदानं चारशे माणसांना कमरेला तलवारी बांधायला लावल्या. नाबालाच्या घरातला एकही पुरुष सकाळपर्यंत जिवंत ठेवायचा नाही, अशी शपथ घेतली.

इकडे नाबालाच्या एका गड्यानं जाऊन मालकिणीला, अबीगईलला सांगितलं. बघा, इथेही पहिला शहाणपणाचा शब्द एका गड्याच्या तोंडून आला. धनी असा आहे की त्याच्याशी कोणाला बोलायची सोय नाही, हेही त्यानं सांगून टाकलं. अबीगईलनं वेळ घालवला नाही. दोनशे भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, तयार केलेली पाच मेंढरं, हुरडा, मनुकांचे शंभर घड, अंजिरांच्या दोनशे ढेपा असं सगळं गाढवांवर लादून ती निघाली. नवऱ्याला सांगितलं नाही.

डोंगराच्या आडोशाला दोघांची गाठ पडली. चारशे तलवारींच्या समोर एक बाई गाढवावरून उतरली आणि तिनं दाविदाला समजावलं. तिच्या बोलण्याचा गाभा असा होता की देव तुम्हाला राजा करणारच आहे. तो दिवस येईल तेव्हा विनाकारण रक्त सांडल्याचा, स्वतःच सूड उगवल्याचा सल तुमच्या मनात राहू नये.

रागावलेल्या माणसाला शांत व्हा म्हणून उपयोग नसतो. अबीगईलनं त्याला उद्याचा दावीद दाखवला. तुम्हाला जे व्हायचं आहे त्याला आजचं हे काम शोभतं का, एवढंच तिनं विचारलं. दाविदानं देवाचे आभार मानले, तिच्या सुज्ञपणाचे आभार मानले आणि तलवार म्यानात ठेवली. दहा दिवसांनी नाबाल मेला, पण दाविदाच्या हाताला रक्त लागलं नाही.

आपल्या ओळखीत अशी एखादी बाई असते. नवरा तऱ्हेवाईक, घरात तिचं काही चालत नाही, लोक तिची कीव करतात. पण रोज वादळात राहून वादळ कसं शमवायचं हे तिला जेवढं कळलेलं असतं, तेवढं व्यासपीठावरून समेटाचं प्रवचन करणाऱ्यालाही कळलेलं नसतं. तिला कोणी विचारत नाही, एवढंच.

मग काय, कोणाचंही ऐकायचं का?

हा प्रश्न रास्त आहे. कारण शास्त्रात चुकीच्या सल्ल्याच्याही गोष्टी आहेत आणि त्या तितक्याच गंभीर आहेत.

शलमोनाचा मुलगा रहबाम शखेमात राजा व्हायला गेला तेव्हा लोकांनी विनंती केली की तुमच्या वडिलांनी लादलेलं जू थोडं हलकं करा (१ राजे १२). त्यानं तीन दिवस मागितले. वडीलमंडळींनी सांगितलं की आज या लोकांचा सेवक हो, मग ते कायमचे तुझे होतील. ते त्याला रुचलं नाही. मग तो बरोबर वाढलेल्या दोस्तांकडे गेला आणि दोस्तांनी आणखी कडक बोलायला सांगितलं. परिणाम? दहा वंश तुटून गेले आणि राज्याचे दोन तुकडे झाले. त्याला सल्ला नको होता, त्याच्या मनात ठरलेल्या गोष्टीला होकार हवा होता. आपणही कधीकधी एकापाठोपाठ एक माणसाला विचारत सुटतो, हवं ते उत्तर मिळेपर्यंत. त्याला सल्ला घेणं म्हणत नाहीत.

ईयोबाचे मित्र घ्या. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे वयानं मोठे, अनुभवी, देवाचं नाव घेणारे. मित्राचं दुःख पाहून सात दिवस सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तेवढं त्यांनी फार चांगलं केलं. मग तोंड उघडलं आणि सांगू लागले की तू पाप केलं असशील म्हणूनच हे झालं. त्यांची एकेक वाक्यं सुटी काढली तर धार्मिकच वाटतात. पण शेवटी देवानं सांगितलं की हे माझ्याविषयी खरं बोलले नाहीत (ईयोब ४२:७).

हे मी मुद्दाम सांगत आहे. आजारी माणसाच्या उशाशी बसून, तुझा विश्वास कमी पडतोय म्हणून तू बरा होत नाहीस, किंवा गोळ्या बंद कर आणि नुसती प्रार्थना कर, असं सांगणारे भाऊबहिणी आपल्यातही असतात. मन चांगलं असेल, शब्द शास्त्रातले असतील, पण हा ईयोबाच्या मित्रांचा सल्ला आहे. हिज्कीया राजा मरणाला टेकला तेव्हा यशया संदेष्ट्यानं प्रार्थनेबरोबर गळवावर अंजिरांची पोटीसही बांधायला सांगितली (२ राजे २०:७). पौलाचा प्रिय सोबती लूक वैद्य होता (कलस्सै ४:१४). प्रार्थना करा, मनापासून करा आणि डॉक्टरांनी दिलेलं औषधही घ्या. या दोन्हींत भांडण लावणाऱ्याचा सल्ला, तो कितीही मोठ्या व्यासपीठावरून आला तरी, बाजूला ठेवा.

मग पारख कशी करायची? आजच्या गोष्टींतूनच तीन प्रश्न मिळतात.

पहिला प्रश्न, यात सांगणाऱ्याचा स्वार्थ किती? त्या लहान दासीला काही मिळणार नव्हतं. इथ्रो सल्ला देऊन निघून गेले.

दुसरा प्रश्न, या सल्ल्यानं कोणाचं ओझं हलकं होतं आणि कोणाचं वाढतं? इथ्रोंच्या सल्ल्यानं मोशेचंही ओझं कमी झालं आणि रांगेतल्या लोकांचंही. रहबामाच्या दोस्तांच्या सल्ल्यानं गरिबाचं जू आणखी जड झालं.

तिसरा प्रश्न, हा सल्ला देवाच्या स्वभावाशी जुळतो का? वरून येणाऱ्या ज्ञानाची ओळख याकोबानं ३:१७ मध्ये दिली आहे. ते शुद्ध असतं, शांती करणारं असतं, सौम्य असतं, दयेनं भरलेलं असतं आणि त्यात ढोंग नसतं. सल्ला या मापात बसतो का ते पाहा. बसत असेल तर तो अडाण्याच्या तोंडून आला तरी घ्या. बसत नसेल तर विद्वानाच्या तोंडून आला तरी सोडून द्या.

बघा, या तीन प्रश्नांत सांगणारा शिकलेला आहे का, आपल्यातला आहे का, वयानं मोठा आहे का, हे कुठेच आलेलं नाही.

आगगाडीतला अनोळखी माणूस

आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासातही असा एक सल्ला आहे. १८९३ साली नारायण वामन टिळक आगगाडीनं राजनांदगावला निघाले होते. कवी, संस्कृताचे जाणकार, वादविवादात निपुण. डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटले. बोलणं निघालं, धर्मावर आलं. त्या गृहस्थांनी नव्या कराराची प्रत टिळकांना दिली आणि ती वाचायला सांगितलं.  टिळकांनी पुस्तक उघडलं, डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि त्यांना पुढे ते सोडवेना. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आज रविवारी आपण जी भजनं गातो त्यांतली कितीतरी त्यांची आहेत.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. पण टिळकांनी सुरू केलेलं 'ख्रिस्तायन' त्यांच्या मृत्यूनंतर पूर्ण केलं ते याच लक्ष्मीबाईंनी, आणि 'स्मृतिचित्रे'ही त्यांनीच लिहिली. पंडित माणसानं अनोळखी प्रवाशाचं ऐकलं आणि त्या पंडिताचं अपुरं काम न शिकलेल्या बाईनं पुरं केलं. देवाची कामं अशी असतात.

एकांतात सांगणं

सल्ला देणाऱ्यांसाठीही एक शब्द. प्रेषितांची कृत्ये १८ मध्ये अपुल्लोस नावाचा आलेक्सांद्रियाचा वक्ता इफिसला आला. शास्त्रात पारंगत, बोलण्यात आवेशी. पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. त्याचं बोलणं प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी सभास्थानात ऐकलं. हे नवराबायको तंबू शिवणारे, हातावर पोट असणारे. क्लौद्य कैसरानं यहूद्यांना रोमातून घालवलं तेव्हा घरदार सोडून आलेले. त्यांनी सभेत उठून अपुल्लोसाला टोकलं नाही. त्याला जवळ घेतलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला.

चार लोकांसमोर केलेली सुधारणा बहुतेक वेळा खरी असली तरी गिळवत नाही. तीच घरी चहाच्या कपाबरोबर केली तर माणूस ऐकतो. सल्ला खरा आहे म्हणून तो कुठेही, कसाही फेकण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. आणि अपुल्लोसाचंही कौतुक करायला हवं. एवढा मोठा वक्ता, तंबूवाल्यांच्या घरात शिकायला बसला.

आजच्या दिवसासाठी

प्रियांनो, मोशेनं सासऱ्यांचं ऐकलं नसतं तर तो थकून कोसळला असता. नामानानं दासीचं आणि चाकरांचं ऐकलं नसतं तर कोड घेऊन घरी गेला असता. दाविदानं अबीगईलचं ऐकलं नसतं तर निरपराधांच्या रक्ताचा डाग घेऊन सिंहासनावर बसला असता. तिघांचीही प्रार्थना देवानं ऐकली होती, तिघांवरही त्याचा हात होता. पण त्यांच्या त्या दिवसाचं उत्तर त्यानं दुसऱ्याच्या तोंडात ठेवलं होतं.

कदाचित आपण कितीतरी दिवस ज्याच्यासाठी गुडघे टेकतो आहोत, त्याचं उत्तर घरातल्याच कोणीतरी परवा जेवताना दिलेलं असेल. आपण मान वर करून बघितलंही नसेल.

आज हे करून पाहा:
१. गेल्या महिन्याभरात तुम्हाला कोणी काय सांगितलं आणि तुम्ही ते 'याला काय कळतंय' म्हणून सोडून दिलं, ते आठवा. वरचे तीन प्रश्न त्या सल्ल्याला लावून बघा.
२. घरातल्या ज्या माणसाला कधीच कोणी विचारत नाही, त्याला आज एका खऱ्या निर्णयाबद्दल विचारा. विचारल्यावर मध्ये बोलू नका.
३. कोणाला काही सांगायचं मनात असेल तर इथ्रोंसारखं आधी ऐका आणि बघा. मग एकांतात सांगा आणि देवाच्या हाती सोडा.

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, तू आमच्याशी बोलतोस म्हणून आम्ही तुझे आभार मानतो. तू लहानांच्या, परक्यांच्या आणि आम्ही ज्यांना मोजत नाही अशांच्या तोंडून बोलतोस तेव्हा आमचे कान उघडे ठेव. आमचा मान आमच्या आड येऊ देऊ नकोस. खोट्या सल्ल्यापासून, गोड वाटणाऱ्या होकारापासून आणि दुःखी माणसावर दोष ठेवणाऱ्या शब्दांपासून आम्हाला राख. आज जो कोणी मोठ्या निर्णयापुढे उभा आहे, जो आजारी आहे, जो रागानं पेटला आहे, त्याच्याकडे तुझं माणूस पाठव आणि ते माणूस ओळखण्याची नजर त्याला दे. आणि आम्हालाही कोणासाठी तरी असा शब्द बोलण्याची वेळ आली तर तो प्रेमानं बोलायला शिकव. प्रभू येशूच्या नावानं मागतो. आमेन.